मामांची जीभ आणि पावसाचं पीप

ज्या माणसाने जन्मभर पावसाला शिव्या घातल्या, त्याने म्हातारपणी माझ्यासाठी पाऊस पिपात भरून ठेवला. हा माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. मामा मिठागरात वाढले आणि मिठागरातच म्हातारे झाले. मिठागरवाल्याचा पाऊस म्हणजे वैरी. मे महिन्यात वळवाची एक सर आली की उन्हावर मुरवलेलं पाणी गेलं, वाफ्यात धरलेलं मीठ गेलं, आणि माणसं कपाळाला हात लावून बांधावर बसली. मी लग्न होऊन आले त्या वर्षी भरून आलेलं आभाळ बघून सहज बोलून गेले, "किती छान वाटतंय, नाही?" सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मयताच्या घरात हसले होते. त्यानंतर मी त्या घरात पावसाचं कौतुक केलं नाही.

मी चौलची. आमच्याकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरीला बारा महिने गोड पाणी. पाण्याला चव असते हे मला लग्नानंतर कळलं. सासर उरणच्या बाजूला, खाडीच्या अंगाला. घरामागे दोन गुंठे जागा आणि जागेच्या टोकाला विहीर. पावसाळा संपला की विहीर गोड, आणि माघाच्या सुमाराला केव्हातरी ती फिरायची. फिरायची म्हणजे पाणी मचूळ व्हायचं. मचूळ म्हणजे धड खारट नाही, धड गोड नाही. पण मिरचीला घातलं की मिरची माना टाकणार. हे पाणी नेमकं कोणत्या दिवशी फिरलं ते घरात एकाच माणसाला कळायचं. मामा सकाळी ओंजळीत पाणी घ्यायचे, जिभेवर धरायचे, थुंकायचे आणि सांगायचे, "अजून आठ दिस हायेत." नवव्या दिवशी सांगायचे, "आजपासून बंद." त्या दिवशी आमचं शिंपणं बंद. त्यावर कुणी हुज्जत घालायची नाही.

ती जीभ साधी नव्हती. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हावर मुरवतात. शेवटच्या वाफ्यात ते कधी सोडायचं यात सगळी मेख असते. घाई केली तर मीठ धरत नाही, उशीर झाला तर कडू मीठ पडतं. हल्ली काचेची नळी बुडवून बघतात म्हणे. मामा बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, आणि सांगायचे, "सोडा" किंवा "थांबा." आजूबाजूच्या आगरांतून, म्हणजे मिठागरांतून, त्यांना बोलावणं यायचं. पुढे गावात कुणी बोअर मारली तरी लोक आधी मामांना हाक मारायचे, "जरा चाखून सांगा." मग मामा चांगला सदरा घालून जायचे. पाणी चाखायला सदरा! मी हसायची, पण लपून.

मग आगर गेलं. बंदराच्या बाजूने भराव सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आला, मुरुमाचे डंपर आले, वाफे बुजले आणि वर कंटेनर रचले गेले. माझा नवरा तेच कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवायला लागला. लोक म्हणाले, तुमची सोय झाली. मामांची काय सोय झाली हे कुणी विचारलं नाही. त्याच सुमाराला सासूबाई गेल्या. मामा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. रस्त्याकडे पाठ आणि तोंड भिंतीकडे, चार-चार तास! जेवायला हाक मारली की यायचे, चार घास खायचे, की पुन्हा भिंत. असं वर्षभर चाललं. माणूस असा बसल्या बसल्या संपतो की काय, याची मला भीती वाटायची. आणि माझा स्वभाव असा, की मला भीती वाटली की मी चिडते.

श्रावणातल्या एका सकाळी मी अशीच चिडले. "मामा, भिंतीत काय बघताय? ती काय बोलते का तुमच्याशी? त्यापेक्षा माझ्या वांग्या-मिरच्यांच्या पाण्याचं काही बघा. दरवर्षी विहीर फिरली की माझं सगळं करपतं. पाऊस एवढा पत्र्यावरून वाहून जातो, तोच धरून ठेवा की कशात तरी!" मला उत्तर नकोच होतं, तोंडाला आलं ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी चप्पल घालून दारात उभी. "चल," म्हणाले. "पीप बगून येऊ."

ट्रेलरच्या रस्त्याला भंगारवाले बसतात. त्यांच्याकडे निळी प्लास्टिकची पिपं ढिगाने असतात. कुठल्या कुठल्या देशांतून काय काय भरून आलेली, कुणाला ठाऊक! मी म्हटलं, "मामा, यांत औषध-बिवषध असलं तर?" मामांनी एका पिपाचं झाकण काढलं, आत हात घातला, बोटाने कड पुसली आणि बोट जिभेला लावलं. मी किंचाळले. भंगारवाला गल्ला सोडून धावत आला. "अरे चाचा, मरना है क्या?" मामा शांतपणे थुंकले. "तेलकट हाय. नको." दुसरं पीप, पुन्हा बोट. "ह्यात साबन व्हता. ह्ये चालंल." अशी दोन पिपं त्यांनी निवडली. घरी आणून मी राखेने घासली तेव्हा खरोखर फेस आला. सांगायचा मुद्दा हा, की त्या श्रावणात मामांची जीभ शाबूत होती.

मग चार दिवस आमच्या अंगणात जे काही चाललं, ते आठवलं की आजही मला हसू येतं. तोटीसाठी भोक पाडायला चुलीत सळई लाल केली. प्लास्टिकचा असा घाण वास सुटला की शेजारीण पदर नाकाला लावून बघायला आली. तोटीला दोन रबरी चकत्या लागतात, एक बाहेरून आणि एक आतून. आतली बसवायला मामांचा हात पोचेना. मग पीप आडवं पाडलं आणि मी, पंचेचाळीस वर्षांची बाई, पदर खोचून कमरेपर्यंत आत शिरले. बाहेरून मामा पाना फिरवतायत आणि ओरडतायत, "धर गो, धर!" आतून माझा आवाज घुमतोय, "धरलंय! आवळा तुम्ही!" तोटी बसली. पाणी भरून बघितलं तर थेंब गळेना. मामांनी तोटीवर थाप मारली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

पिपं ठेवायला चिऱ्यांचे दोन थर रचले, म्हणजे तोटीखाली बादली बसेल. प्लास्टिकचा जाड पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली आणि पत्र्याच्या कडेला तारेने बांधली. तिचा उतार मामांनी नुसत्या नजरेने काढला. पाण्याला एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं काम ज्यांनी जन्मभर केलं, त्यांना पन्हळीचं काय कौतुक! पहिलं पीप भरलं की वरच्या नळीतून पाणी दुसऱ्यात जाईल अशी जोडणी केली. तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला, डास नकोत म्हणून. आरोग्य केंद्राची बाई घरोघर साठवलेलं पाणी तपासत आली, तिने जाळी बघितली आणि काही न बोलता पुढे गेली. मामा दिवसभर त्याच गुर्मीत.

त्याच आठवड्यात एक जोरदार सर आली. मामा छत्री घेऊन पिपाशेजारी उभे राहिले. पाणी चढत चढत दुसऱ्या पिपात पडायला लागलं तसे मला हाका मारायला लागले. मी पोळ्या टाकून गेले. मामा म्हणाले, "जल्मात पयल्यांदा पावसानं माजं काय तरी भरलं." मला भरून आलं. मी लगेच म्हटलं, "भिजताय, आत चला." मला एवढंच जमतं.

मामा भिंतीकडून उठले ते असे. त्यानंतर ते दिवसभर परसातच. वाफे बांधले, वांगी लावली, मिरची लावली, माठाची भाजी पेरली, कुंपणाला वालाचे वेल चढवले. दसऱ्यानंतर पाऊस संपला. पिपातलं पाणी महिन्याभरात संपत आलं. मामा म्हणाले, पीप रिकामं ठेवलं तर उन्हाने तडकेल. विहिरीवर आमची छोटी मोटार होती. तिला लांब नळी जोडून मामा दर तिसऱ्या दिवशी पिपं भरायला लागले. म्हणजे आता पिपात पाऊस नव्हता, विहीर होती. मोटार सुरू करण्याआधी मामा विहिरीचं पाणी जिभेवर धरत. "गोड हाय." मग बटण दाबत. यात चुकीचं काय होतं? मला तरी काही दिसलं नाही.

दिवाळी झाली आणि घरात वेगळीच कटकट सुरू झाली. मामांना जेवण अळणी लागायला लागलं. आमटी अळणी, भाजी अळणी, मासळीचं कालवण अळणी. "पोरी, मीठ इसरलीस गं." एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. नवरा म्हणे, "मला तर बरोबर लागतंय." मी म्हटलं, यांना माझ्या हातचं आवडेनासं झालंय, सासूबाईंची आठवण येत असेल. एकदा मी मिठाचं भांडं त्यांच्या ताटाशेजारी आदळलं. "घ्या! जन्मभर मिठागरात काढलात, मीठ अंगात मुरलंय तुमच्या. माणसांचं जेवण कसं लागेल?" मामांनी चिमूटभर मीठ घेतलं, मग अजून चिमूटभर. हे मी बोलले होते. आता कुणाला सांगू की रागाच्या भरात बोलले म्हणून?

पौषात मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं कीड असेल. राख टाकली, गोमूत्र मारलं. वांग्यांची फुलं गळायला लागली. माठाची रोपं बसली. वाफ्यांच्या कडेला मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसली, म्हणून मी बोटाने उचलली. बुरशी कसली! मीठ होतं. मी तशीच पिपाकडे गेले, तोटीखाली ओंजळ धरली आणि घोट घेतला. तोंड वाकडं झालं. मचूळ म्हणायच्या पलीकडचं पाणी होतं ते. विहिरीवर जाऊन बघितलं, तेच. खाडीकडे जाणाऱ्या नाल्याचं तोंड भरावाने बुजलं होतं, त्यामुळे असेल, की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. पण त्या वर्षी विहीर नेहमीपेक्षा कितीतरी आधी फिरली होती. आणि मामा त्याच सकाळी पाणी चाखून म्हणाले होते, "गोड हाय."

मी विहिरीच्या काठावर बसले. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. अळणी आमटी आणि गोड विहीर. माझा हात चुकत नव्हता आणि सासूबाईंची आठवणही नव्हती. मामांची जीभ गेली होती.

त्या क्षणी घरी जाऊन मी सांगायला हवं होतं. मी हे रोज स्वतःला ऐकवते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भिंत होती. आगर गेलं तेव्हा हा माणूस वर्षभर भिंतीकडे बघत बसला होता; आता जीभ गेली म्हटल्यावर काय उरणार होतं त्यांच्यापाशी? बोअर चाखायला कोण बोलावणार? सदरा घालून कुठे जाणार? म्हातारपणाने दात जातात, नजर जाते, तशी जीभ गेली, त्यात काय मोठं, असं मी धरून चालले. दुखणं असेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही. मी ठरवलं, यांना कळू द्यायचं नाही. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं, तेवढा हट्ट माझ्यात आहे.

आधी मोटारीची एक वायर काढून ठेवली. मामांना सांगितलं, मोटार बिघडली, मी हाताने पाणी ओढून पिपं भरीन. "तुजे हात मोडतील," म्हणाले. मी म्हटलं, "मोडत नाहीत." आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पहाटे तासभर पाणी येतं, एरवी ते घरच्या वापरातच संपतं. मामा पहाटेच देवळाकडे जात, तेवढ्यात मी पिपातलं खारं पाणी गटारात सोडून दिलं आणि नळाला नळी लावून पिपं भरली. वाफ्यांना दोन-तीन दिवस भरपूर गोड पाणी सोडलं, वरची पांढरी माती खरवडून फेकून दिली. पंधरा दिवसांत मिरचीने नवी पानं काढली. मामा रोज विहिरीपाशी जात, चाखत, आणि येऊन सांगत, "अजून गोड हाय बग." मी म्हणायची, "हो की." मिरच्यांकडे बोट दाखवून ते ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगत, "यंदा आमची हीर शिमग्यापातूर फिरायची न्हाय." म्हातारे माना डोलवत. मामांनी सांगितलंय म्हटल्यावर कोण तपासायला जातंय!

मग ताटाकडे वळले. मामांची आमटी मी वेगळ्या वाटीत काढायची आणि त्यात वरून मीठ घालायची. आमच्या दुप्पट, नंतर तिप्पट. मामांनी पहिला घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. "आता हात बसला तुजा." त्या दिवशी मला काय आनंद झाला होता! घरातली कटकट थांबली. नवऱ्याने विचारलं, "मामला कसा मिटला?" मी म्हटलं, "माझ्याकडे औषध आहे." किती हुशारी वाटत होती मला स्वतःची.

माघात त्यांचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतलेले दिसायचे. मी तेल चोळून द्यायची, म्हणायची, दिवसभर वाफ्यात उभे राहता, दुसरं काय होणार? फाल्गुनात जेवण कमी झालं. मी मीठ वाढवलं. मला वाटलं, पुन्हा अळणी लागत असेल. मामा तक्रार करत नव्हते. वाटीतलं सगळं पीत, वाटी पुसून ठेवत आणि म्हणत, "झकास." माझ्याकडे बघून म्हणत. आता वाटतं, ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. शिमग्याच्या होळीला त्यांनी बसूनच नमस्कार केला.

चैत्रात एका सकाळी मामा उठले तर चेहरा ओळखू येईना. डोळ्यांखाली पाणी भरल्यासारख्या पिशव्या, श्वास लागलेला. नवऱ्याने ट्रेलर उभा केला आणि आम्ही त्यांना रिक्षाने, मग ॲम्ब्युलन्सने मोठ्या इस्पितळात नेलं. रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी केली. दुपारी डॉक्टरीणबाई कॉटजवळ आल्या. माझी मुलगी शोभतील एवढ्या तरुण होत्या. त्यांनी आम्हाला उभ्या उभ्याच सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. हे आजचं नाही, बरेच महिने चाललेलं आहे.

"पाय कधीपासून सुजतात?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, माघापासून. त्यांनी लिहून घेतलं.

"तोंडाची चव? जेवण बेचव लागतं, असं कधीपासून?"

नवरा म्हणाला, "चव चांगली आहे त्यांची. उलट आता आवडीने जेवतात. मध्ये थोडे दिवस अळणी लागायचं, पण ते गेलं."

उशीवरून मामांचा आवाज आला. बारीक, पण ठाम. "माज्या जिभेला काय झालं न्हाय, डाक्टर. हीर मीच चाखतो. शिमग्यापातूर गोड व्हती. हिला इचारा."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. नवराही वळला. मामा माझ्याकडे बघत होते, आणि मी हो म्हणणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मला वाटलं, खोटं बोलावं. देवाशपथ सांगते, त्या क्षणीही मला वाटलं की खोटंच बोलावं, काय होणार आहे आता? पण डॉक्टरीणबाईंच्या हातात पेन होतं, आणि त्या मामांसाठी काहीतरी ठरवणार होत्या त्या उत्तरावरून. मी म्हटलं, "दिवाळीपासून गेलीय चव. विहीर पौषातच खारी झाली. यांना कळलं नाही."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही आणलंत?"

मी सगळं सांगितलं. पिपाचं सांगितलं, नळाचं सांगितलं, मोटारीची वायर सांगितली. शेवटी वाटीतल्या मिठाचंही सांगितलं. "किती?" त्यांनी विचारलं. मी बोटांनी दाखवलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "किडनीच्या दुखण्यात चव जाते, पुष्कळांची जाते. तेव्हा आला असतात तर आपल्या हातात बरंच काही होतं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी मामांकडे बघायचं टाळत होते, पण कॉट तीन फुटांवर होती, बघणार नाही तर जाणार कुठे? मी म्हटलं, "मामा, मला वाटलं तुम्हाला सहन होणार नाही. जीभ गेली म्हटलं तर तुम्ही पुन्हा भिंतीकडे..."

मामा रागावतील असं मला वाटलं. रागावायला हवे होते. एक शिवी हासडली असती तरी मी ती डोक्यावर घेतली असती.

"जीभ जातेच गं पोरी," मामा म्हणाले. दम लागत होता, थांबत थांबत बोलत होते. "आगरातल्या मानसाची जीभ म्हातारपनी जातेच. माज्या बाची पन गेली व्हती. मी लग्नाचा गडी व्हतो तवा. मंग मी चाखायचो आनि त्याला सांगायचो. तो हुकूम द्यायचा, सोडा म्हून. त्यात कसली लाज? तू चाखून मना सांगाया पायजे व्हतंस. मी ऐकलं असतं."

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "बाबा, तुम्हाला स्वतःला काही जाणवलं नव्हतं?"

"जानवलं व्हतं की," मामा म्हणाले. "दिवालीच्या सुमाराला जानवलं. तोंडात कसलीच चव न्हाय. हिरीचं पानी नि लोट्याचं पानी, दोनी सारकीच. मिरच्या करपल्या तवा म्या म्हटलं, आता पोराला सांगून डाक्टरकडं जावं. पन मंग मिरच्यांना पानं फुटली. आनि हिची आमटी लागाया लागली. मंग म्हटलं, चव आली परत."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं.